बुलबुलच्या पंगतीला शिक्रा

बाल्कनीत दाणा-पाणी ठेवलं, बुलबुल आले, चिमण्या आल्या, रील्सही झाले. आणि मग एके दिवशी त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारा आला. आता त्याला हाकलायचं, की त्याचीही जागा मान्य करायची?

लॉकडाऊनच्या काळात आपल्यातल्या अनेकांना दोन नाद लागले. एक डालगोना कॉफीचा, तो महिन्याभरात सुटला. दुसरा बाल्कनीतल्या बागेचा, तो मात्र टिकला. चार कुंड्यांच्या चौदा झाल्या. जास्वंद, कढीपत्ता, मधुमालती, एका कोपऱ्यात हट्टाने वाढवलेला पारिजातक. कठड्यावर पाण्याचं मातीचं भांडं, छताच्या हुकाला दाण्यांचा फीडर. आधी कबुतरं आली, ती येणारच होती. मग चिमण्या, मग लालबुड्या बुलबुलांची जोडी, जास्वंदीवर शिंजीर, पानं शिवणारा शिंपी. फोनची गॅलरी भरली. स्टेटसला रोज एक बुलबुल.

आणि मग एका सकाळी आठच्या सुमाराला काहीतरी वेगळं होतं. खारूताई गजर लावल्यासारखी एकसुरात ओरडायला लागते. बुलबुल घाईघाईने दोन हाका देतात आणि पुढच्या सेकंदाला सगळी बाग म्यूट. फीडर नुसता झुलतोय, त्यावर कुणी नाही. नीट बघितलं तर शेजारच्या आंब्याच्या आतल्या फांदीवर कबुतराएवढा एक राखाडी पक्षी ताठ बसलाय. डोळे लालभडक. तो तुमच्याकडे बघत नसतो, फीडरकडे बघत असतो.

यानंतर घराघरांत जे होतं ते साधारण सारखंच. आई म्हणते, 'हाकल आधी त्याला, माझ्या बुलबुलांना खाईल!' बाबा टाळ्या वाजवतात. आजी म्हणते, 'ससाणा दिसतोय.' धाकटं भावंड व्हिडिओ काढतं. आणि फॅमिली ग्रुपवर दोन प्रश्न पडतात: हा कोण? आणि याचं करायचं काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा लांबचं आहे आणि ते चक्क सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलपर्यंत जाऊन पोचतं. कसं, ते बघू.

हा आहे कोण?

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत बागेवर येणारा हा शिकारी बहुतेक वेळा शिक्रा असतो. 'शिकार' या शब्दाशीच नातं सांगणारं त्याचं नाव. नराची पाठ निळसर राखाडी, पोटावर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, डोळे लाल. मादी नरापेक्षा मोठी, तिचे डोळे पिवळट-नारिंगी. पिल्लू अंगाने तपकिरी आणि छातीवर उभे ठिपके-रेघा असलेलं. पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. ही बांधणी आकाशात तासन्‌तास घिरट्या घालण्यासाठी नाही, तर फांद्यांच्या गर्दीतून वळणं घेत सुसाट जाण्यासाठी आहे. ट्रॅफिकमधून स्कूटी काढणारे आपले मित्र असतात ना, तसंच काहीसं.

पूर्वी शिकारी पक्षी पाळणाऱ्यांचाही हा आवडता होता, कारण तो पटकन शिकतो. आता अर्थातच तसं पाळणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा, घार, घुबड यांना पकडणं, पाळणं, मारणं, त्यांची अंडी-पिल्लं काढणं या सगळ्यालाच मनाई आहे.

ओळखताना एक गंमत लक्षात ठेवा. उन्हाळ्याच्या शेवटी 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून ओरडणारा पावशा आपल्याला ऐकून माहीत असतो. दिसायला तो थेट शिक्र्याची कॉपी आहे. तेच राखाडी अंग, त्याच शेपटीवरच्या पट्ट्या, उडणंही तसंच. पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो. अशा पाहुण्याला शिकाऱ्याचा वेष फायद्याचाच. पण चोच बघितली की सोंग उघडं पडतं: शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली आणि पाय पिवळे, टोकदार नखांचे. पावशाच्या पायांत आणि चोचीत तो दम नाही.

याशिवाय टेरेसवर घार येते, बागेजवळच्या माळरानावर पांढरीशुभ्र कापशी दिसते, कोकणात किंवा खाडीकाठी घर असेल तर विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. रात्रीची शिफ्ट पिंगळा आणि गव्हाणी घुबड यांची. त्यांच्याकडे येऊच.

पण मग बुलबुलचं काय?

इथे खरी अडचण सुरू होते. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी बाल्कनीतल्या मनीप्लँटच्या टांगलेल्या कुंडीत बुलबुलने घरटं केलं. तीन अंडी, तीन पिल्लं. माझी मावसबहीण तेव्हा सहावीत होती, सुट्टीला आलेली. तिने वहीत रोजची नोंद ठेवली होती: कितीदा किडे आणले, डोळे कधी उघडले, पिसं कधी फुटली. नवव्या दिवशी शिक्र्याने एक पिल्लू नेलं. तिच्या डोळ्यांसमोर, दोन सेकंदांत. ती दुपारभर रडली आणि संध्याकाळी तिने एकच प्रश्न विचारला, 'आपण त्याला घाबरवलं का नाही?'

प्रश्न रास्त आहे. मायेने बघितलेलं पिल्लू डोळ्यांसमोर जातं तेव्हा 'निसर्गाचा नियम' हे शब्द फार कोरडे वाटतात. तेव्हा आजी तिला एवढंच म्हणाली, 'अगं, त्याच्याही घरात तीन तोंडं असतील.' आणि हे शब्दशः खरं होतं. आपल्याकडे शिक्र्याची वीण साधारण मार्च ते जून. आंब्यासारख्या उंच झाडावर काटक्यांचं, कावळ्याच्या घरट्यासारखं घरटं. तीन-चार अंडी. अठरा ते एकवीस दिवस उबवणं. म्हणजे बुलबुलची पिल्लं चिवचिवतात, नेमकी तेव्हाच शिक्र्याचीही चिवचिवत असतात.

आता थोडं गणित. समजा बुलबुलच्या एका जोडीची सगळी पिल्लं जगली. एका घरट्यात दोन-तीन, वर्षात एकाहून जास्त वेळा घरटं, असं काही वर्षं. दहा वर्षांत आपल्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरणार नाही इतके बुलबुल होतील. पण तसं होत नाही. बुलबुलांची संख्या टिकून राहते याचाच अर्थ एका जोडीच्या आयुष्यभरातल्या सगळ्या पिल्लांपैकी सरासरी दोनच मोठी होऊन आई-बाबांची जागा घेतात. बाकीची पावसात, उन्हात, कावळ्याच्या, सरड्याच्या, मांजराच्या आणि कधी शिक्र्याच्या वाट्याला जातात. बुलबुलला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा घरटं करते. आमच्याकडची दोन पिल्लं उडाली आणि महिन्याभरात शेजाऱ्यांच्या मधुमालतीत नवं घरटं दिसलं.

आणखी एक गोष्ट. शिक्र्याच्या ताटात फक्त पक्षी नसतात. सरडे, पाली, उंदीर, बेडूक, टोळ, चतुर, कधी खारीचं पिल्लू, असा त्याचा मेन्यू असतो. सरडे तर अगदी आवडीचे. आणि त्याच्या बऱ्याचशा झडपा फुकटच जातात. आपल्याला लक्षात राहते ती जमलेली शिकार, न जमलेल्या दहांची रील कुणी करत नाही.

म्हणून उत्तर हेच: शिक्रा पिल्लू नेत असेल तर मध्ये पडू नका. तुम्ही हाकललंत तर तो दुसरं पिल्लू शोधेल, एवढाच फरक. उलट तुमच्या बागेत शिक्रा येतोय म्हणजे तिथे सरडे आहेत, किडे आहेत, पक्षी आहेत. नुसत्या प्लॅस्टिकच्या गवतावर आणि फॅन्सी कुंड्यांवर शिक्रा येत नाही.

मात्र एक हिशेब आपल्या नावावर आहे. रानात पक्षी विखुरलेले असतात. आपण एका जागी, रोज ठरलेल्या वेळी, उघड्यावर दाणे ठेवून त्यांची पंगत बसवतो. शिक्र्यालाही ती वेळ पाठ होते. पंगत आपण मांडली, तर ती कुठे आणि कशी मांडायची याची जबाबदारीही आपलीच.

टेरेसवरची घार

घारीचं प्रकरण वेगळं आहे. ती बुलबुल पकडायला येत नाही, तिचा डोळा आपल्या ताटावर असतो. वाळत घातलेले बोंबील, लहान मुलाच्या हातातली पोळी, कॉलेजच्या कट्ट्यावर उघड्यावर धरलेला वडापाव, काहीही. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, ती सोसायटीच्या निलगिरीवर, मोबाइल टॉवरवर किंवा गुलमोहरावर घरटं करते. त्यात काटक्यांबरोबर चिंध्या, वायर, प्लॅस्टिक असं सगळं असतं. अंडी उबायला महिनाभर, मग पिल्लं जवळजवळ दोन महिने घरट्यात. या काळात टेरेसवर झाडांना पाणी घालायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावरून ती सणसणत जाते, कधी नख लावते. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो: 'घारीचा बंदोबस्त करा.'

दिल्लीत घारींवर अनेक वर्षं काम करणारे संशोधक निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नेमक्या याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे लोक घारींना मांसाचे तुकडे उडवतात आणि जिथे उघडा कचरा भरपूर असतो, तिथल्या घारी घरट्याजवळ माणसांवर जास्त आक्रमक होतात, असं त्यात दिसलं. माणसाची भीती गेली की ती अंगावर यायलाही कचरत नाही. म्हणजे पुण्याईसाठी किंवा स्लो-मोशन व्हिडिओसाठी टेरेसवरून चिकनचे तुकडे भिरकावणारे काका आणि दादा हेच पुढच्या हल्ल्याची तयारी करत असतात.

मग करायचं काय? घरटं पाडायचं नाही, ते बेकायदा आहे. पिल्लं उडेपर्यंत टेरेसचा तेवढा कोपरा सोडायचा. जावंच लागलं तर छत्री उघडून किंवा हेल्मेट घालून जायचं. घार बहुतेक वेळा मागून येते, तेव्हा तिच्याकडे तोंड करून चालायचं. झाकणाचा कचऱ्याचा डबा घ्यायचा. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असतो.

दिल्लीचाच विषय निघालाय तर 'ऑल दॅट ब्रीद्स' ही शौनक सेन यांची 2022 ची डॉक्युमेंटरी बघितली नसेल तर जरूर बघा. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. मांसाहारी पक्षी म्हणून घारीवर उपचार नाकारले गेले, तिथून त्यांचं हे काम सुरू झालं. सनडान्समध्ये या फिल्मला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं, कानमध्ये 'गोल्डन आय', आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत ती पोचली. त्यांच्याकडे येणाऱ्या घारींच्या पंखांत सगळ्यात जास्त काय अडकलेलं असतं? पतंगाचा मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली. तरी संक्रांत झाली की झाडांवर आणि केबलवर तो लोंबतो आणि पुढे कित्येक महिने पक्षी कापत राहतो. टेरेसवर, कुंड्यांत, अँटेनावर अडकलेला मांजा गोळा करून, कात्रीने बारीक तुकडे करून टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चार मित्र मिळून करून बघा.

नाइट शिफ्ट

रात्री दहानंतर बागेत जे येतं त्याच्याबद्दल आपल्या घरांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. 'चिरर चिरर, चिवक चिवक' असं भांडल्यासारखं ओरडणारा, वीतभर उंचीचा, ठिपक्यांचा पक्षी म्हणजे पिंगळा. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या भोकात, कधी एसीच्या मागच्या फटीत राहतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपायला येतो. नाकतोडे, भुंगे, पतंग, पाली, उंदराची पिल्लं हे त्याचं जेवण. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशांचं नावही याच पक्ष्यावरून पडलंय, असं म्हणतात. म्हणजे एका पक्ष्याची बोली कळते म्हणणाऱ्याला आपण सूपभर धान्य घालायचो आणि तोच पक्षी खिडकीत बसला की 'अपशकुन' म्हणून दगड मारायचो.

दुसरं गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, सोनेरी पाठ. नाव गोठ्यातल्या गव्हाणीवरून आलेलं, पण शहरात त्याने डक्ट, पोटमाळा, बंद फ्लॅटची बाल्कनी अशी जागा शोधलीय. रात्री अचानक किंचाळतं, पिल्लं तर घोरल्यासारखा फुसफुस आवाज करतात. 'भुताचा आवाज येतो' अशा अफवा यातूनच निघतात. पण त्याचं अंग म्हणजे इंजिनीअरिंगचा चमत्कार आहे. दोन्ही कान एका उंचीवर नाहीत, त्यामुळे आवाज कुठून आला हे त्याला अंधारातही अचूक कळतं. पिसांच्या कडा झालरीसारख्या, म्हणून उडताना आवाज होत नाही. खाल्लेल्या उंदराची हाडं आणि केस तो नंतर गोळी करून ओकतो. अशी गोळी बाल्कनीत सापडली तर किळस न करता काडीने उलगडून बघा. उंदरांच्या कवट्या मोजता येतात. मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलच्या शेतांत उंदरांसाठी मुद्दाम गव्हाणी घुबडांच्या पेट्या लावतात. आपल्याकडे ते फुकट येतं आणि आपण त्याला नारळ फोडून घालवतो.

वाईट म्हणजे दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकण्याचे प्रकार आजही होतात. दुसऱ्या बाजूला पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने घुबड महोत्सव भरवला. चित्रं, मुखवटे, नाटकं आणि शाळेची मुलं. भीतीवरचा उपाय ओळख हाच असतो.

आता ती पेस्ट कंट्रोलची गोष्ट

इथे सगळे धागे एकत्र येतात. आपण फीडरमध्ये दाणे भरतो. चिमण्या-कबुतरं निम्मे खातात, निम्मे खाली सांडतात. रात्री ते खायला उंदीर येतात. उंदीर वाढले की सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. तो कोपऱ्याकोपऱ्यात निळ्या-हिरव्या वड्या ठेवतो. यातल्या बऱ्याच वड्यांत ब्रोमाडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं विष असतं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस जगतो, सुस्त होतो, भरदिवसा उघड्यावर अडखळत फिरतो. शिकाऱ्यासाठी याहून सोपं भक्ष्य कुठलं? पिंगळा तो उचलतो, गव्हाणी घुबड उचलतं, शिक्रा, घार, शेजारचं मांजरही. एका उंदरातलं विष कदाचित थोडं असेल, पण असे पाच-सहा उंदीर खाल्ल्यावर ते पक्ष्याच्या यकृतात साठत जातं. मग एके दिवशी पार्किंगमध्ये पंख पसरून पडलेलं घुबड सापडतं. जखम कुठेच दिसत नाही.

विषाची ही साखळी आपण एकदा बघितली आहे. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं गेली. मेलेल्या जनावराच्या मांसातून औषध त्यांच्या पोटात गेलं आणि काही प्रजातींची संख्या पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023 चा अहवालही हेच सांगतो: प्राणी आणि मेलेलं मांस खाणाऱ्या पक्ष्यांची घट सगळ्यात जास्त आहे. साखळीच्या टोकाला बसलेल्याच्या ताटात खालच्या सगळ्यांचं विष येतं.

म्हणून शिक्र्याने नेलेल्या पिल्लाबद्दल वाईट जरूर वाटू दे. पण हिशेब करायचा तर आपल्या बागेत पक्षी शिक्र्यामुळे कमी होत नाहीत. ते काच, मांजा, विष आणि चुकीच्या महिन्यातली छाटणी यांनी कमी होतात. हे चारही आपल्या हातात आहेत.

पंगत मांडायचीच, तर

दाणे थोडेच. तासाभरात संपतील एवढेच. खाली ट्रे लावा, सांडलेलं संध्याकाळी झाडून घ्या. उंदीर आणि कबुतरं दोन्ही आटोक्यात राहतात. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये झालेला गदारोळ आठवत असेल, तर गोण्या ओतण्यात पुण्य नाही हे वेगळं सांगायला नको.

आडोसा जवळ. फीडरपासून दोन-तीन पावलांवर जास्वंद, मेंदी किंवा कढीपत्त्यासारखं दाट झुडूप असू द्या. शिक्रा आला की बुलबुलला आत शिरता आलं पाहिजे. मांजर दबा धरून बसेल इतकं मात्र चिकटून नको.

शिक्रा रोज यायला लागला, तर एक-दोन आठवडे फीडर काढून ठेवा. पक्षी उपाशी मरणार नाहीत, ते पांगतात. शिक्राही जागा बदलतो.

काच दिसू द्या. पाठलागात शिकार आणि शिकारी दोघंही काचेवर आपटतात. ससाण्याचं एकच स्टिकर लावून उपयोग नसतो. काचेच्या बाहेरून साधारण दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लागतात. तेवढं नको असेल तर बाहेरून पडदा किंवा दोऱ्या टांगा.

जाळी ताणलेली. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ढिली किंवा फाटकी असेल तर पिंगळा त्यात अडकतो. महिन्यातून एकदा तपासा.

पाणी रोज बदला. भांडं घासून घ्या. गढूळ पाण्यातून पक्ष्यांचे आजार पसरतात.

छाटणी पावसाळ्याआधी घाईने नको. मार्च ते जून हा विणीचा काळ. फांदी तोडण्याआधी पाच मिनिटं वर बघा. झाड तोडायला तर शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच.

फोटो काढा, पण घरट्यापाशी गर्दी नको. ड्रोन नको, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं नको, लोकेशनसकट पोस्ट नको. घुबडाचं घरटं असेल तर अजिबातच नको.

आणि जखमी शिकारी पक्षी सापडला तर? हात आधी चोचीपासून नाही, नखांपासून वाचवा. जाड टॉवेल अंगावर टाका, हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. दूध-पोळी देऊ नका, चोच उघडून पाणी ओतू नका. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते अनाथ असेलच असं नाही. जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांबून बघा. आई-बाबा बहुतेक जवळपास असतातच.

एवढं करूनही उत्साह उरत असेल, तर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. कुठलीही पदवी लागत नाही. पंधरा मिनिटं बाल्कनीत बसायचं, दिसले तेवढे पक्षी मोजायचे, ई-बर्डवर टाकायचे. मघाशी उल्लेख केलेला अहवाल अशाच हजारो लोकांच्या याद्यांवर उभा आहे. शिक्रा आला तर तोही लिहा, आणि त्या दिवशी बुलबुल शून्य दिसले असतील तर तेही.

पण फेब्रुवारीची वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या सकाळी पेस्ट कंट्रोल, सहकार्य करावे' असा मेसेज पडला, की थम्ब्ज-अप देण्याआधी एवढंच विचारा: 'वडीत कुठलं औषध आहे? आणि पिंजरे लावले तर चालेल का?' पहिल्यांदा कुणी उत्तर देणार नाही. दुसऱ्यांदा विचारा.